आपल्या हातचे ईदकार्ड

माझ्या अम्मीच्या लोखंडी पेटीत एक जुना लिफाफा आहे. त्यात एक ईदकार्ड जपून ठेवलेले आहे. ते कार्ड दुकानातले नाही. जाड पांढऱ्या कागदाला मधोमध घडी घालून ते केले आहे. त्यावर जांभळ्या शाईत एक मिनार उमटवलेला आहे. मिनाराच्या बाजूला चंद्रकोर आहे आणि भोवती सात-आठ चांदण्या आहेत. खाली 'ईद मुबारक' ही अक्षरे उर्दूत हाताने लिहिलेली आहेत. कोपऱ्यात शाईचा एक डाग पडला आहे. हे कार्ड माझ्या मामूंनी १९८६ साली मुंबईहून नानीला पाठवले होते. मामू तेव्हा एका बेकरीत कामाला होते. त्या वर्षी ईदला त्यांना घरी येता आले नव्हते.

लहानपणी मी ते कार्ड अनेकदा पाहिले. दर वेळी मला एकच प्रश्न पडे. या कार्डावरचा चंद्र उलटा का? ईदच्या चंद्राची उजळ कड आपल्याला खाली, बहुधा उजव्या बाजूला दिसते. मामूंच्या चंद्राची कड मात्र डाव्या बाजूला होती. मला वाटे, मामूंना चंद्र काढताच येत नसावा. पुढे मी शिक्षक झालो. एका रमजानमध्ये आम्ही वर्गात ठशांची ईदकार्डे करायला घेतली, तेव्हा मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, ते उत्तर आणि असे कार्ड तयार करण्याची रीत मी तुम्हांला या पाठात सांगणार आहे. पण त्याआधी शुभेच्छापत्रांची थोडी माहिती घेऊ.

सणाच्या दिवशी छापील कार्ड पाठवण्याची चाल फार जुनी नाही. टपाल स्वस्त झाले तेव्हा ती वाढली. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४३ साली, लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे एक कार्ड काढून घेतले आणि ते छापून विकले. नाताळचे ते पहिले छापील कार्ड मानले जाते. पुढे ही चाल अनेक देशांत पसरली आणि इतर सणांनीही ती उचलली. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन नावाचा सण असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे भोपळे, काळी मांजरे आणि वटवाघळे यांची चित्रे असलेली हॅलोवीनची पोस्टकार्डे घरोघर जात. आजही तेथील मुले रबरी ठशांनी भोपळे उमटवून अशी कार्डे घरी करतात.

आपल्या देशात १८५३ साली मुंबई ते ठाणे अशी रेल्वे धावली. १८५४ साली देशभर चालणारी टपालाची तिकिटे आली. रेल्वे आणि टपाल वाढत गेले, तशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ईदकार्डांचीही चाल पडली. सुरुवातीची काही ईदकार्डे मोठी गमतीची होती. युरोपातून आलेल्या शुभेच्छापत्रांवरच उर्दू मजकूर छापून किंवा लिहून ती ईदसाठी वापरली जात. पुढे लाहोर, दिल्ली आणि मुंबई येथे खास ईदकार्डे छापली जाऊ लागली. माझ्या लहानपणी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत रस्त्यावर ईदकार्डांची दुकाने मांडलेली असत. दोरीवर कार्डे टांगलेली असत आणि त्यांच्यापुढे मुलांची गर्दी उसळे. आता ती दुकाने फारशी दिसत नाहीत. ईदची शुभेच्छा आता मोबाइलवरून एका क्षणात जाते.

आता आपण ठशाकडे वळू. ठसा म्हणजे काय? एखाद्या वस्तूचा उंच भाग शाईत टेकवून कागदावर दाबला की त्या भागाचा आकार कागदावर उमटतो. जो भाग कोरून काढला असेल, त्याला शाई लागत नाही. तेथे कागद कोरा राहतो. ठशाचे सगळे शास्त्र या एका गोष्टीत आहे. कापडावरची छपाईही याच रीतीने होते. गुजरातमध्ये गांधीनगरजवळ पेथापूर नावाचे गाव आहे. तेथील कारागीर सागाच्या लाकडावर नक्षी कोरून छापे तयार करतात. कच्छमधील धमडका आणि अजरखपूर या गावांतील खत्री कारागीर लाकडी छाप्यांनीच अजरख नावाचे सुंदर कापड छापतात.

आपल्याला सागाचे लाकूड नको. आपल्या कंपासपेटीतले खोडरबर पुरेसे आहे. पेन्सिलीच्या खुणा पुसण्यासाठी झाडाच्या चिकापासून केलेले रबर उपयोगी पडते, अशी नोंद इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली यांनी १७७० साली केली होती. आज मिळणारी पांढरी खोडरबरे मात्र बहुतेक प्लास्टिकची असतात. ती मऊ आणि सपाट असतात. म्हणून ती सहज कोरता येतात. बटाट्याचाही ठसा होतो. पण एक-दोन दिवसांत तो सुकून आक्रसतो. खोडरबराचा ठसा पुढच्या अनेक ईदला उपयोगी पडतो.

आमच्या वर्गात पहिल्या दिवशी काय झाले ते ऐका. आठवीतील एका मुलीने खोडरबरावर सुरेख मराठी अक्षरांत 'ईद' असे लिहिले. मग तिने ते मन लावून कोरले. मराठीत आपण सगळ्यांत कच्चे आहोत, असे ती नेहमी म्हणे. म्हणून तिने मुद्दाम मराठी अक्षरे घेतली होती. ठसा शाईत टेकवून तिने कागदावर दाबला. उचलून पाहते तो काय! 'द' आधी आणि 'ई' नंतर, आणि दोन्ही अक्षरांची तोंडे भलतीकडे वळलेली. सगळा वर्ग हसला. तिने कागदाचा चोळामोळा करून टाकला.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने तो कागद उचलला. त्याने तो सरळ केला आणि खिडकीच्या उजेडात मागच्या बाजूने धरला. 'ईद' हा शब्द अगदी नीट वाचता आला! वर्ग एकदम शांत झाला. ठसा आणि त्याची छाप एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात, हे सर्वांच्या लक्षात आले. मग ती मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे ठशावर मराठी लिहायची ती उर्दूसारखी, उजवीकडून डावीकडे!" तिचे म्हणणे खरे होते. आणि उर्दू शब्दाचा ठसा कोरायचा असेल, तर तो ठशावर मराठीसारखा डावीकडून उजवीकडे जातो. दोन्ही लिप्या वाचणाऱ्या आपल्यासारख्या मुलांना ही गोष्ट पटकन समजते.

त्या दिवशी मला मामूंच्या चंद्राचे कोडे उलगडले. मामूंनी बटाट्यावर मिनार आणि चंद्र जसे दिसतात तसेच कोरले होते. त्यामुळे छापताना ते उलटले. मी ही गोष्ट वर्गाला सांगितली. तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, ठसा नुसता फिरवून लावला असता तर?" प्रश्न चांगला होता. चंद्रकोरीचे दोन्ही अर्धे भाग सारखे असतात. म्हणून एकटी कोर असती, तर ठसा फिरवून ती सरळ करता आली असती. पण त्याच बटाट्यावर मिनारही कोरलेला होता. ठसा फिरवला असता तर मिनार डोक्यावर उभा राहिला असता! अक्षरांचेही तसेच आहे. ठसा कसाही फिरवला तरी उलटे अक्षर सुलटे होत नाही. भेंडीचा आडवा काप शाईत बुडवून उमटवला की चांदणी तयार होते. ती मात्र कशीही लावली तरी चांदणीच दिसते. मामूंच्या चांदण्या भेंडीच्याच होत्या, असे अम्मीने मला सांगितले.

चंद्र काढताना आकाशातला चंद्रही आठवावा. ईदचा चंद्र मगरिबच्या वेळी पश्चिमेला दिसतो. सूर्य नुकताच क्षितिजाखाली गेलेला असतो. चंद्राची उजळ कड नेहमी सूर्याकडे असते. म्हणून ती खाली असते आणि कोरीची टोके वर असतात. आपल्याकडे ही कोर कधी होडीसारखी आडवी दिसते, तर कधी उजवीकडे कललेली दिसते. चांद्रमासाच्या शेवटी पहाटे पूर्वेला जी कोर दिसते, तिची उजळ कड डावीकडे कललेली असते. म्हणजे ठसा उलटा झाला, तर ईदचा चंद्र महिन्याच्या अखेरचा चंद्र होऊन बसतो! आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी काढू नका. तेथे चंद्राचाच काळोखा भाग असतो. त्याच्या मागची चांदणी आपल्याला कशी दिसेल? चांदण्या चंद्रापासून दूर असू द्या.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. त्यासाठी नवे खोडरबर, मऊ पेन्सिल, पातळ कागद, जाड पांढरा कागद, पट्टी, कात्री, लहान कटर, शाईचे पॅड, जुनी वर्तमानपत्रे आणि एक लिफाफा एवढे सामान लागते. या यादीतील आणि पुढे येणारे शब्द नीट पाहा. कागद, शाई, लिफाफा, नमुना, मजकूर हे शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. मराठीत ते फारसी-अरबीतून आले आणि मराठीचेच होऊन गेले. उर्दूतील 'सियाही' मराठीत 'शाई' झाली. उर्दूतील 'हाशिया' याला मात्र मराठीत 'समास' म्हणतात.

प्रथम कार्डाचा कागद कापून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ए-४ आकाराचा जाड कागद २९.७ सेंटिमीटर लांब आणि २१ सेंटिमीटर रुंद असतो. लांबीच्या मधोमध तो कापला की दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला मधोमध घडी घातली की सुमारे १४.८ सेंटिमीटर लांब आणि १०.५ सेंटिमीटर रुंद असे कार्ड होते. एका कागदात दोन कार्डे होतात. जाड कागदाची घडी हाताने घातली तर ती वेडीवाकडी होते. म्हणून घडीच्या जागी पट्टी ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढा. मग त्या रेघेवर कागद दुमडा. घडी सरळ आणि स्वच्छ पडते.

दुसरे काम नमुना उतरवण्याचे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने नमुना सरळच काढा. रेषा ठळक असू द्या. मग तो कागद खोडरबरावर पालथा ठेवा आणि मागून चमच्याच्या पाठीने घासा. पेन्सिलीच्या रेषा खोडरबरावर उतरतील. त्या आपोआप उलट्या उतरतात. छापताना त्या पुन्हा एकदा उलटतात आणि कागदावर सुलट होतात. दोनदा उलटे केले की सरळ होते, हे सूत्र ध्यानात ठेवा. ठसा बरोबर आहे की नाही ते पाहायचे असेल, तर तो आरशासमोर धरा. आरशात जे दिसेल, तेच कागदावर उमटेल.

तिसरे काम कोरण्याचे. कटर धारदार असतो. म्हणून हे काम घरातील मोठ्या माणसांच्या किंवा शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. खोडरबर टेबलावर ठेवून कोरा, हातात धरून नव्हे. ज्या बोटांनी खोडरबर धरले असेल, त्यांच्या दिशेने कटर कधीही ओढू नका. वळण आले की कटर न वळवता खोडरबर फिरवा. रेषेच्या बाहेरचा भाग दोन-तीन मिलिमीटर खोल काढून टाका. कटर थोडा तिरपा धरा, म्हणजे उंच राहिलेला भाग खाली रुंद आणि वर अरुंद होईल. असा भाग दाबताना मोडत नाही.

अक्षरे कोरताना थोडा विचार करावा लागतो. मराठी अक्षरांना शिरोरेषेचा आधार असतो. तिच्यामुळे शब्द एकत्र बांधलेला राहतो. उर्दूत 'ईद' या शब्दातील ऐन, ये आणि दाल एकमेकांना जोडलेले असतात. 'मुबारक' मध्ये मीम, बे आणि अलिफ जोडलेले, तर रे आणि काफ सुटे असतात. या सुट्या अक्षरांची जागा आधीच नीट ठरवा. नुक्ते फार लहान असतात. कोरताना ते हमखास तुटतात. म्हणून नुक्ते कोरू नका. छाप वाळल्यावर ते पेनाने द्या. पण विसरू नका! नुक्ता राहिला, तर शब्दच वाचता येणार नाही.

चौथे काम छापण्याचे. कार्डाखाली वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या ठेवा. त्यामुळे ठसा सगळीकडे सारखा टेकतो. ठसा पॅडवर हलकेच दोन-तीनदा टेकवा, घासू नका. शाई जास्त झाली, तर बारीक फटी भरून जातात. कमी झाली, तर छाप पांढुरकी दिसते. म्हणून आधी रद्दी कागदावर दोन-चार छाप काढून पाहा. मग ठसा कार्डावर सरळ ठेवा, सारखा दाब द्या आणि सरळ वर उचला. दाबताना तो डुलवू नका. रंग बदलायचा असेल, तर ठसा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. छापलेले कार्ड लगेच मिटू नका. ते सपाट जागी वाळू द्या.

कार्ड वाळले की आत मजकूर लिहा. चारही बाजूंना समास सोडा. मजकूर फार मोठा नको, पण तो त्या माणसासाठीच लिहिलेला हवा. 'ईदच्या हार्दिक शुभेच्छा' हे वाक्य कोणालाही लिहिता येते. त्याखाली एक वाक्य असे लिहा, की जे दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. 'मागच्या ईदला तुम्ही दिलेल्या पेनानेच हे लिहीत आहे', असे काहीतरी. लिफाफ्यावर पूर्ण पत्ता आणि सहा अंकी पिनकोड घाला. पिनकोडची पद्धत आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू आहे. महाराष्ट्रातील पिनकोड ४ या अंकाने सुरू होतात. टपाल कचेरीत लिफाफ्याचे वजन करून योग्य ती तिकिटे लावा आणि ईदच्या आठ-दहा दिवस आधी तो टाका.

त्या आठवीतील मुलीने शेवटी दोन ठसे केले, एक उर्दू आणि एक मराठी. तिच्या कार्डावर उजवीकडे उर्दूत 'ईद मुबारक' होते आणि डावीकडे मराठीत. पूर्वी तिच्या शेजारी राहणाऱ्या एक मराठी आजी मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या होत्या. ते कार्ड तिने त्यांना पाठवले. आत चार ओळी मराठीत लिहिल्या. त्यांतील दोन शब्द चुकलेले होते. पण मी ते दुरुस्त केले नाहीत. तीन आठवड्यांनी आजींचे पोस्टकार्ड आले. तिने ते वर्गात उभे राहून वाचले. वाचताना ती दोनदा अडखळली. पण या वेळी कोणी हसले नाही. आजींनी लिहिले होते, की कार्ड त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लावले आहे, म्हणजे रोज नजरेस पडेल.

मित्रांनो, मोबाइलवरून शुभेच्छा पाठवण्यात काही वाईट नाही. दूरच्या माणसाला त्याच क्षणी आपली आठवण पोचते, ही मोठी सोय आहे. पण तीच शुभेच्छा आपण एका वेळी पन्नास जणांना पाठवतो आणि चार दिवसांनी ती कोणाच्या ध्यानातही राहत नाही. हातच्या कार्डाला दोन-तीन तास लागतात. ते तास आपण एकाच माणसासाठी दिलेले असतात. कार्ड हाती पडताच त्याला ते कळते.

माझे मामू आता हयात नाहीत. त्यांचा फोटो आमच्याकडे एकच आहे, तोही धूसर. ठसे करायला शिकल्यावर मी ते जुने कार्ड पुन्हा एकदा नीट पाहिले. कोपऱ्यातला शाईचा डाग मी भिंगाखाली धरला. त्यात बारीक वळणदार रेषा दिसल्या. तो डाग नव्हता. ठसा उमटवताना मामूंच्या अंगठ्याला शाई लागली असणार, आणि त्याच अंगठ्याने त्यांनी कार्ड धरले असणार. अम्मीला मी तो दाखवला. तिने बराच वेळ त्यावर बोट ठेवले. मग तिने कार्ड लिफाफ्यात घातले आणि पेटीत ठेवून दिले.

उलटा चंद्र आता मला चुकीचा वाटत नाही. तुमचा पहिला ठसाही कदाचित उलटाच येईल. तो फेकून देऊ नका. दुसरा करा आणि पहिला जपून ठेवा.

स्वाध्याय

१. मामूंच्या कार्डावरचा चंद्र उलटा का उमटला होता?
२. ठशावर मराठी शब्द कोणत्या दिशेने कोरावा लागतो? उर्दू शब्द कोणत्या दिशेने?
३. भेंडीची चांदणी, चंद्रकोर आणि अक्षर यांपैकी कोणता ठसा फिरवूनही सरळ होत नाही? कारण सांगा.
४. 'दोनदा उलटे केले की सरळ होते', हे सूत्र नमुना उतरवताना कसे उपयोगी पडते?
५. खालील शब्द वाक्यांत वापरा : मजकूर, समास, नमुना, जपून ठेवणे, ध्यानात ठेवणे.
६. उपक्रम : खोडरबराचा एक ठसा तयार करून एक कार्ड करा. आत मराठीत चार ओळी लिहून ते दूरच्या नातेवाइकाला किंवा मित्राला टपालाने पाठवा.